ट्रॉफीनंतरची वीस वर्षं

मार्च २०२५ मध्ये 'अमेरिकन आयडॉल'चा नवा सीझन सुरू झाला, तेव्हा परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीत कॅरी अंडरवूड बसली होती. बरोबर वीस वर्षांपूर्वी, २००५ साली, ती याच शोची विजेती होती. तेव्हा ती टेबलाच्या या बाजूला उभी राहून गात होती, आता त्या बाजूला बसून नव्या पोरापोरींना 'येस' किंवा 'नो' सांगते. मधल्या काळात आठ ग्रॅमी, लाखोंनी खपलेले अल्बम आणि अमेरिकन कंट्री संगीतातलं पहिल्या रांगेतलं स्थान तिनं कमावलं.

आता ही गोष्ट आपण एकमेकांना कशी सांगतो बघा. छोट्या गावातली मुलगी, साधं घर, एक ऑडिशन, लाखो लोकांची मतं, आणि एका रात्रीत स्टार. साठ सेकंदांच्या रीलमध्ये मस्त बसते. बॅकग्राउंडला एखादं इमोशनल गाणं टाकलं की झालं काम. पण कॉलेजात शिकणाऱ्या आणि मनात कुठेतरी गाणं, नाटक, नाच किंवा क्रिकेट घेऊन फिरणाऱ्या मुलांच्या कामाचं जे काही या गोष्टीत आहे, ते नेमकं त्या रीलमधून गळून पडतं. ते त्या रात्रीच्या आधीच्या आठ वर्षांत आहे आणि नंतरच्या वीस वर्षांत आहे. म्हणून आज त्याबद्दल.

चौदाव्या वर्षी बंद झालेलं दार

कॅरी वाढली ती अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या शकोटा या गावात. वस्ती जेमतेम साडेतीन हजार. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, वडील कारखान्यात कामाला, घरची थोडी शेती आणि गुरं. चर्चमध्ये आणि गावच्या कार्यक्रमांत गाणारी मुलगी म्हणून तिला गावात सगळे ओळखायचे. अशी एक तरी मुलगी आपल्याकडेही प्रत्येक गावात असते, गणेशोत्सवात स्टेजवर हमखास जिचं नाव पुकारलं जातं.

ती साधारण चौदा वर्षांची असताना तिला नॅशव्हिलला ऑडिशनची संधी मिळाली. टेनेसी राज्यातलं हे शहर म्हणजे कंट्री संगीताची राजधानी. गीतकार, रेकॉर्ड कंपन्या, स्टुडिओ, रेडिओवाले, सगळे तिथे. कॅपिटॉल रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीबरोबर करार होण्यापर्यंत गोष्ट गेली आणि तेवढ्यात कंपनीचं व्यवस्थापन बदललं. नव्या लोकांनी ते प्रकरण तिथेच थांबवलं. मुलीनं काही चूक केली नव्हती. तिचा आवाजही कमी पडला नव्हता. ऑफिसात माणसं बदलली, एवढंच. पुढे मोठी झाल्यावर तिनं याबद्दल मुलाखतीत बोलताना, तेव्हा काही घडलं नाही हे बरंच झालं, आपण तेव्हा तयार नव्हतो, अशा अर्थाचं सांगितलं. पण हे शहाणपण नंतरचं. चौदाव्या वर्षी ते काय वाटलं असेल, याची कल्पना करायला फार डोकं चालवावं लागत नाही.

त्यानंतर तिनं काय केलं? शाळा पूर्ण केली आणि शाळेतून दुसरी आली. टॅलिक्वा गावातल्या नॉर्थईस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला. विषय कोणता, तर मास कम्युनिकेशन, त्यातही पत्रकारिता. (आमच्या बॅचमध्ये ही माहिती सांगितली की सगळे एकदम सरसावून बसतात.) कॉलेजच्या दिवसांत तिनं पिझ्झाच्या दुकानात काम केलं, प्राणिसंग्रहालयात केलं, जनावरांच्या दवाखान्यात केलं. विद्यार्थ्यांच्या टीव्ही कार्यक्रमात काम केलं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीचा कंट्री गाण्यांचा स्टेज शो असायचा, त्यात दोन वर्षं गायली. प्रेक्षक किती, तर गावातले आणि सुट्टीला आलेले. पैसे किती, तर विचारू नका.

म्हणजे तिनं गाणं सोडलं होतं का? करिअर म्हणून हो, जवळजवळ. आता प्रॅक्टिकल व्हायला हवं, असं तिनं ठरवलं होतं, हे तिनं स्वतःच सांगितलंय. पण गायचं थांबवलं नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो फरक आपल्या वयात कुणी नीट समजावून सांगत नाही. आपल्याला दोनच बाजू दिसतात. एक तर 'सगळं सोडून स्वप्नाच्या मागे लाग' म्हणणारे मोटिव्हेशनवाले, नाहीतर 'ते गाणंबिणं ठेव बाजूला, आधी डिग्री घे' म्हणणारे काका. कॅरीनं डिग्रीही धरली आणि दर उन्हाळ्यात स्टेजही धरलं. त्यामुळे २००४ च्या उन्हाळ्यात सेंट लुईसला 'अमेरिकन आयडॉल'ची ऑडिशन आहे असं कळलं, तेव्हा तिच्याकडे द्यायला एक तयार गळा होता. आई गाडी चालवत तिला शेकडो मैल घेऊन गेली. कॅरी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती आणि तोवर आयुष्यात कधी विमानातही बसलेली नव्हती. हॉलिवूडच्या फेरीत सूत्रसंचालकानं तिला विचारलं, इथे आल्यापासून काही स्टार दिसले का? ती निरागसपणे म्हणाली की आभाळच आलेलं असतं, दिसणार कसे! सगळे हसले. तो विनोद अजून सांगितला जातो.

दोन पहिले नंबर

२५ मे २००५ ला निकाल लागला. बो बाइस या रॉक गायकाला मागे टाकून कॅरी जिंकली. त्याआधी मार्चमध्येच परीक्षक सायमन कॉवेल यांनी जाहीर करून टाकलं होतं की ही मुलगी जिंकणार आणि आधीच्या सगळ्या विजेत्यांपेक्षा जास्त खपणार. सायमन म्हणजे भल्याभल्यांना रडवणारा माणूस, त्यामुळे त्याची चर्चा झालीच. पुढे ते खरंही ठरलं.

इथून पुढे जरा नीट बघायला हवं. शो संपल्यावर विजेत्याचं एक गाणं बाजारात येतं. कॅरीचं आलं, 'इनसाइड युअर हेवन'. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या यादीत ते थेट पहिल्या नंबरावर उतरलं. कुठल्याही कंट्री कलाकाराच्या बाबतीत असं पूर्वी झालं नव्हतं. पण खरं सांगायचं तर हे यश शोचं होतं. महिनोन्महिने दर आठवड्याला टीव्हीवर दिसलेल्या मुलीचं गाणं लोक विकत घेणारच. गाणंही तसं कंट्री नव्हतं, साधं पॉप होतं. हरलेल्या बो बाइसनंही तेच गाणं रेकॉर्ड केलं होतं आणि त्याचंही दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. म्हणजे गाणं कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. शोची हवा होती.

दुसरा पहिला नंबर मात्र वेगळा. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिचं पहिलं खरं कंट्री गाणं आलं, 'जीझस, टेक द व्हील'. बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरते, मागच्या सीटवर तान्हं बाळ, आणि आई स्टीअरिंग सोडून देवाला हाक मारते, अशी त्या गाण्याची कथा. कंट्री म्हणजे मुळात गोष्ट सांगणारं गाणं. गिटार, फिडल, बँजो वगैरे वाद्यं असतातच, पण जीव असतो तो गावाकडच्या माणसाच्या गोष्टीत: काम, घर, चर्च, दारू, मोडलेलं लग्न, रस्ता. हे गाणं कंट्रीच्या यादीत सहा आठवडे वर राहिलं. त्याला मतदानाचा नंबर नव्हता, सूत्रसंचालक नव्हता. रेडिओवाल्यांनी ते लावलं आणि गाडीत, किचनमध्ये, ट्रकमध्ये बसलेल्या लोकांनी ते पुन्हा मागितलं. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या 'सम हार्ट्स' या पहिल्या अल्बमच्या पुढे एकट्या अमेरिकेत सत्तर लाखांहून जास्त प्रती खपल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं.

आणि या सगळ्या गडबडीत, मे २००६ मध्ये, तिनं डिग्री पूर्ण केली. अल्बम लाखांनी खपत असताना, नावाची गरज नसताना, नोकरीची तर अजिबात नसताना. चांगल्या श्रेणीत पास होऊन तिनं पदवी घेतली. मला या सगळ्या प्रवासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. 'फॉलबॅक' म्हणून कुणी असं करत नाही. हातात घेतलेलं काम पूर्ण करायची सवय असलेला माणूस असं करतो. आणि ज्या माणसाला ही सवय असते, तो अल्बमही तसाच करतो, रियाजही तसाच करतो.

शिकत राहणं दिसतं कसं

पहिल्या अल्बममध्ये कॅरीनं सहलेखन केलेलं गाणं एकच होतं, आपलं गाव मागे राहिल्याबद्दलचं. बाकी सगळी गाणी नॅशव्हिलच्या कसलेल्या गीतकारांची. २००७ च्या 'कार्निव्हल राइड' या दुसऱ्या अल्बममध्ये तिनं चार गाणी सहलेखक म्हणून लिहिली आणि त्यातली तीन कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली. २०१८ च्या 'क्राय प्रिटी'मध्ये ती पहिल्यांदा सहनिर्माती म्हणूनही उभी राहिली. तेरा वर्षांत गायिका, मग गीतकार, मग निर्माती. टीव्हीवर निकाल लागला त्या दिवशी यातलं पहिलंच होतं. बाकीचं नंतर शिकलं गेलं.

दुसरं म्हणजे त्या क्षेत्रानं तिला मान्य करणं. नॅशव्हिलमध्ये १९२५ पासून रेडिओवर चालत आलेला 'ग्रँड ओल ऑप्री' नावाचा कार्यक्रम आहे. त्याचं सदस्यत्व मागून मिळत नाही, बोलावणं यावं लागतं. टीव्ही स्पर्धेतून आलेल्या मुलीकडे जुने लोक थोडं तिरकं बघणार, हे उघड आहे. आपल्याकडेही घराण्यात तालीम घेतलेले लोक 'रिअ‍ॅलिटी शोवाला' हा शब्द कसा उच्चारतात, ते आठवा. मे २००८ मध्ये कॅरीला ऑप्रीचं सदस्य करून घेतलं गेलं. २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षं 'अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिक'चा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मोठा पुरस्कार तिला मिळाला. दोनदा तो मिळवणारी ती पहिली बाई.

'पहिली बाई' हे शब्द सहज घेऊ नका. अमेरिकेतलं कंट्री रेडिओ बायकांच्या बाबतीत अजिबात उदार नाही. २०१५ मध्ये तिथल्या एका रेडिओ सल्लागारानं जाहीरपणे म्हटलं होतं की पुरुष गायक म्हणजे सॅलडमधली पालेभाजी आणि गायिका म्हणजे टोमॅटो, म्हणून रेडिओवर त्या थोड्याच लावाव्यात. केवढा गदारोळ झाला होता त्यावर! कॅरी तेव्हा दहा वर्षं टॉपला होती. २०१९ च्या मोठ्या टूरमध्ये तिनं आपल्याआधी गाण्यासाठी 'मॅडी अँड टे' आणि 'रनअवे जून' हे दोन्ही मुलींचे ग्रुप सोबत घेतले. जिथे रेडिओ जागा देत नाही, तिथे आपल्या स्टेजवर जागा द्यायची, असा तो निर्णय. टीव्हीनं दिलेल्या प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

एक अलीकडचा प्रसंग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत ती गायला उभी राहिली आणि ऐनवेळी साथीचं रेकॉर्डिंग वाजेना. सगळं जग बघतंय आणि संगीतच नाही. राजकारण कुणाला पटो न पटो, पण त्या क्षणी तिनं समोरच्यांना सोबत गायला सांगितलं आणि कुठल्याही साथीशिवाय पूर्ण गाणं म्हटलं. हे धैर्य मतदानातून येत नाही. त्यामागे टॅलिक्वाच्या उन्हाळी स्टेजपासूनची सवय असणार.

त्याच वर्षी आपल्याकडे

मजा म्हणजे २००५ हे वर्ष आपल्यासाठीही महत्त्वाचं. कॅरी जिंकली त्याच्या अडीच महिने आधी, मार्च २००५ मध्ये, मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता झाला होता. दोन्ही शो एकाच ब्रिटिश फॉरमॅटची भावंडं. आपल्याकडेही एसएमएसचा पाऊस पडला, घराघरात त्याचं नाव झालं, त्याचा अल्बम आला, गाजला. पण पुढे? हिंदीत गायकाचं मोठं दार एकच, सिनेमाचं पार्श्वगायन. स्वतःच्या नावावर अल्बम काढून वर्षानुवर्षं जगता येईल असा बाजार इथे तेव्हाच आटत चालला होता. कॅरीला ट्रॉफीनंतर नॅशव्हिल मिळालं: गीतकार, रेडिओ, टूर, ऑप्री, सगळं एका शहरात. अभिजीतला असं शहर मिळालं नाही. दोघांची तुलना करताना हे विसरलं तर आपण त्याच्यावर अन्याय करतो. २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'त तो उपविजेता ठरला, तेव्हा त्याचं गाणं पहिल्यांदा ऐकणारी एक नवी पिढी टीव्हीसमोर होती.

त्याच २००५ सालच्या 'फेम गुरुकुल' या दुसऱ्या शोमधून एक मुलगा फायनलच्या आधीच बाहेर पडला होता. त्याचं नाव अरिजित सिंग. तिकडे अमेरिकेत २००४ ला सातव्या नंबरावर थांबलेली जेनिफर हडसन २००७ मध्ये ऑस्कर घेऊन गेली. आणि २००६ चा 'आयडॉल' विजेता टेलर हिक्स याच्याशी रेकॉर्ड कंपनीनं दोनेक वर्षांत संबंध संपवला, तर त्याच सीझनमध्ये चौथा आलेल्या क्रिस डॉट्रीच्या बँडचा अल्बम पहिल्या नंबरावर गेला. ट्रॉफी आणि करिअर यांचं नातं इतकं सैल आहे.

मराठीत 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची कार्तिकी गायकवाड २००९ ला जिंकली. अभंग, गवळण ही तिची घरची पुंजी. तिच्यासाठी टीव्ही संपल्यावरही एक जग तयार होतं, वारकरी परंपरेचं, अभंगांच्या मैफिलींचं, गावोगावच्या श्रोत्यांचं. २०२१ मध्ये ती आणि तिच्यासोबतचे बाकीचे चार स्पर्धक, म्हणजे आपले 'पंचरत्न', त्याच शोमध्ये परीक्षकांच्या भूमिकेत परत आले. कॅरीच्या चार वर्षं आधी. तेव्हा हे आपल्याकडे होत नाही, असं म्हणायची सोय नाही. शो सुरू होण्याआधी तुमच्याकडे काय होतं आणि शो संपल्यावर तुम्हाला सामावून घेणारं काय आहे, यावर ते ठरतं.

मग आपण काय करायचं?

ऑडिशनच्या रांगेत जरूर उभं राहा. कुणी 'टाइमपास' म्हणालं तर म्हणू दे. फक्त रांगेत उभं राहण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. निवड झाली नाही तर पुढच्या महिन्यात मी कुठे गाणार आहे? आणि जिंकलोच तर पुढच्या वर्षी मला काय नवीन शिकायचंय? पहिल्या प्रश्नाला कॉलेजचा कट्टा, युवा महोत्सव, गावचा गणपती, भजनी मंडळ असं काहीही उत्तर चालेल. उत्तरच नसेल तर मात्र आधी ते शोधा. कारण बहुतेकांची निवड होणार नाही. हे गणित आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.

घरच्यांनाही एक विनंती. 'आधी डिग्री' म्हणताना डिग्रीसोबत चाललेला उन्हाळी स्टेज शो बंद करू नका. सेंट लुईसपर्यंत गाडी चालवत गेलेली आई शाळेत शिक्षिका होती, हे लक्षात असू द्या.

आणि खरी मागणी आहे ती आपल्या कॉलेजांकडे. सेमिस्टरच्या मध्ये शोमध्ये निवड झालेल्या मुलाला आजही प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर ताटकळावं लागतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी, इंटर्नल, सबमिशन, आणि शेवटी 'तू ठरव, गाणं की वर्ष'. अनेक मुलं तिथे वर्ष सोडतात आणि मग परत येतच नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मध्येच थांबून पुन्हा प्रवेश घेण्याची सोय आहे. मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवणारी अ‍ॅकॅडमिक क्रेडिट बँक आहे. कागदावर आहे म्हणजे आहे. ती वापरायची कशी हे सांगणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात का असू नये? खेळाडूंसाठी आपण बऱ्याच ठिकाणी सवलती मान्य केल्या आहेत. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटक करणाऱ्या मुलांसाठी निदान परतीचा रस्ता तरी मोकळा ठेवायला हरकत नसावी.

कॅरी अंडरवूड शेवटच्या वर्षाला असताना गेली, जिंकली आणि परत येऊन डिग्री घेऊ शकली, कारण परत यायला जागा होती. आपल्या वर्गातलं कुणी उद्या असं गेलं, तर त्याच्या परत येण्याची जागा आपणही धरून ठेवू या. नोट्स काढून ठेवा, प्रॅक्टिकलच्या तारखा कळवत राहा, फॉर्म भरायची शेवटची तारीख चुकू देऊ नका. मत द्यायला तर सगळेच देतात.